‘डॉट इस्लाम’ आणि ‘डॉट हलाल’ कुणाचं? इंटरनेटच्या कारभारात सरकारं सल्ला देतात तेव्हा

आपण रोज मोबाईलवर कितीतरी पत्ते उघडतो. कुणाच्या शेवटी डॉट कॉम असतं, कुणाच्या डॉट इन, कुणाच्या डॉट ऑर्ग. हा शेवटचा तुकडा कोण ठरवतं, याचा विचार आपण सहसा करत नाही. दुकानाची पाटी वाचावी आणि पुढे जावं, तसं आपलं होतं.

पण २०१२ मध्ये एका खासगी कंपनीने अर्ज केला, की पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इस्लाम’ आणि ‘डॉट हलाल’ लावण्याचा अधिकार आम्हाला द्या. अर्ज मंजूर झाला असता तर जगात कुणालाही ‘डॉट इस्लाम’ने संपणारा पत्ता हवा असेल, मग ती मशीद असो, मदरसा असो की बिर्याणीचं हॉटेल, त्याला या एका कंपनीच्या नियमांत बसावं लागलं असतं. कुणाला द्यायचा, कुणाला नाही, किती पैशांत द्यायचा, हे सगळं त्या कंपनीच्या हाती गेलं असतं.

तसं झालं नाही. सहा वर्षं हे प्रकरण चाललं आणि शेवटी दोन्ही अर्ज नाकारण्यात आले. यात मोठा वाटा होता सरकारांचा. त्यात आपलं भारत सरकारही होतं. ही गोष्ट मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. म्हणून सरकारं इंटरनेटच्या कारभारात सल्ला कसा देतात, त्या सल्ल्याचं वजन किती, आणि आपल्या नावाने कोण बोलतं, हे या प्रकरणाच्या निमित्ताने समजून घेऊ या.

पत्त्यांची वही कुणाकडे?

आधी थोडं तांत्रिक, पण सोपं करून.

इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्यामागे एक आकडा असतो. आकडे लक्षात ठेवणं माणसाला जमत नाही, म्हणून नावं आली. नावावरून आकडा शोधून देणारी जी व्यवस्था आहे, ती पत्ता उजवीकडून डावीकडे वाचते. म्हणजे आधी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ कुठे आहे ते पाहते, मग त्याच्या आतलं नाव. हे शेवटचे तुकडे ज्या एका यादीत नोंदलेले असतात, ती यादी साऱ्या जगासाठी एकच आहे. आज त्या यादीत १,४०० हून जास्त तुकडे आहेत. तुमचा तुकडा यादीत असेल तर पत्ता उघडेल, नसेल तर जगातल्या कुठल्याही मोबाईलवर उघडणार नाही.

या यादीत काय जावं, याचे नियम करणारी संस्था म्हणजे आयकॅन. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तिची नोंदणी झाली. ती सरकारी खातं नाही, संयुक्त राष्ट्रांची शाखाही नाही. ती नफा न कमावणारी खासगी संस्था आहे. तिथे कंपन्या, तंत्रज्ञ, विद्यापीठं, ग्राहकांचे गट असे सगळे बसून नियम ठरवतात. अनेक वर्षं अमेरिकी सरकारच्या वाणिज्य खात्याशी तिचा करार होता. १ ऑक्टोबर २०१६ पासून तोही संपला.

एक गैरसमज इथेच दूर करू. आयकॅन वेबसाइटवरचा मजकूर पाहत नाही. दंगलीच्या वेळी एखाद्या जिल्ह्यात नेट बंद होतं, त्याच्याशीही आयकॅनचा संबंध नाही; तो हुकूम आपल्याच सरकारचा असतो. आयकॅनचं काम नावं आणि आकडे यांच्यापुरतं आहे. पण नाव ही छोटी गोष्ट नसते, हे औरंगाबाद आणि अहमदनगर यांची नामांतरं पाहिलेल्या मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

सरकारांची खुर्ची: हुकूम नाही, मशवरा

मग या खासगी संस्थेत सरकारांचं स्थान काय? त्यासाठी आयकॅनमध्ये एक समिती आहे, सरकारी सल्लागार समिती. तिला सगळे ‘गॅक’ म्हणतात. १९९९ पासून ती काम करते. आज १८० हून जास्त देश आणि प्रदेश तिचे सदस्य आहेत. भारताच्या वतीने इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे अधिकारी तिथे बसतात. लहान देश असो की मोठा, प्रत्येकाला बोलण्याचा हक्क सारखाच.

आयकॅनच्या सभा वर्षातून तीनदा, दर वेळी वेगळ्या देशात होतात. भारतात त्या २००८ मध्ये दिल्लीत आणि २०१६ मध्ये हैदराबादेत झाल्या. मार्च २०२६ च्या सभेसाठी मुंबईची निवड करण्यात आली. सभा संपताना गॅक एक निवेदन काढते. त्यात संचालक मंडळाला सल्ला दिलेला असतो आणि ते निवेदन कुणालाही वाचता येतं.

सल्ला म्हणजे मशवरा. मशवरा घेणाऱ्यावर तो पाळण्याची सक्ती नसते, पण ऐकूनच न घेतल्यासारखं करणंही त्याला शोभत नाही. आयकॅनच्या घटनेत हेच जरा कायद्याच्या भाषेत लिहिलं आहे. आयकॅनच्या संचालक मंडळावर मतदान करणारे १६ जण असतात. गॅकचा प्रतिनिधी तिथे बसतो, पण त्याला मत नसतं. गॅकने सर्वसहमतीने, म्हणजे एकाही सरकारने औपचारिक हरकत घेतलेली नसताना, सल्ला दिला, तर मंडळाला तो गंभीरपणे घ्यावा लागतो. नाकारायचा असेल तर २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे किमान ६० टक्के मतं लागतात. कारणं द्यावी लागतात आणि गॅकबरोबर बसून मध्यममार्ग शोधण्याचा प्रयत्न करावा लागतो.

पण सरकारांमध्येच एकमत नसेल तर? मग गॅक एवढंच सांगू शकते, की आमच्यातल्या काही सदस्यांचं म्हणणं असं असं आहे. त्याचं वजन कमी असतं. ‘डॉट इस्लाम’चं घोडं इथेच अडलं.

अर्ज आला, वाद पेटला

१२ जानेवारी २०१२ रोजी आयकॅनने नव्या शेवटच्या तुकड्यांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर, त्या वेळच्या दराने सुमारे एक कोटी रुपये. तरीही १,९३० अर्ज आले. त्यात तुर्कस्तानातल्या एशिया ग्रीन आयटी सिस्टिम या कंपनीचे ‘डॉट इस्लाम’ आणि ‘डॉट हलाल’साठीचे दोन अर्ज होते.

कंपनीचं म्हणणं असं होतं, की मुस्लिमांना इंटरनेटवर आपली एक जागा मिळेल, चुकीचा मजकूर दूर ठेवता येईल, आणि कारभारासाठी मुस्लिम संस्थांचं सल्लागार मंडळ नेमू. काही मुस्लिम संस्थांनी पाठिंबाही दिला होता. म्हणजे कंपनीचा हेतू वाईटच होता असं म्हणायला आधार नाही. प्रश्न हेतूचा नव्हताच. प्रश्न होता, हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?

नोव्हेंबर २०१२ मध्ये गॅकच्या सदस्यांनी वेगवेगळ्या अर्जांवर मिळून २४२ ‘पूर्वसूचना’ काढल्या. पूर्वसूचनेला एकमत लागत नाही, एकटं सरकारही ती देऊ शकतं. ‘डॉट इस्लाम’ आणि ‘डॉट हलाल’वर दोन देशांनी ती दिली: संयुक्त अरब अमिराती आणि भारत.

इथे क्षणभर थांबू या. मुस्लिम देशांच्या संघटनेत, म्हणजे ओआयसीमध्ये, ५७ सदस्य आहेत, पण भारत त्यात नाही. तरीही या अर्जांवर पहिल्या दोन हरकतींपैकी एक भारताची होती. २०११ च्या जनगणनेत देशात १७.२२ कोटी मुस्लिम नोंदले गेले, त्यातले सुमारे १.३ कोटी महाराष्ट्रातले. एवढ्या लोकांच्या श्रद्धेचा शब्द एका कंपनीकडे जातोय म्हटल्यावर सरकारने हरकत घ्यावी, हे योग्यच होतं.

त्यानंतर मार्च २०१३ मध्ये अमिरातीच्या दूरसंचार नियामकाने आणखी एक पाऊल टाकलं. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या तज्ज्ञ केंद्राकडे रीतसर ‘समुदायाची हरकत’ दाखल केली. आणि एप्रिल २०१३ मध्ये बीजिंगच्या सभेत गॅकने आपल्या निवेदनात नोंद केली, की धर्माशी संबंधित शब्द नाजूक असतात. काही सदस्यांच्या मते या अर्जांना समुदायाचा सहभाग आणि पाठिंबा नाही, त्यामुळे ते पुढे जाऊ नयेत. ‘काही सदस्यांच्या मते’ हे शब्द महत्त्वाचे. सर्वसहमती झाली नव्हती.

सहा वर्षांचा घोळ

पुढे काय झालं, ते तारखेनिशी पाहिलं म्हणजे सल्ल्याची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात.

२४ ऑक्टोबर २०१३ रोजी तज्ज्ञाने अमिरातीची हरकत फेटाळली. समुदायाचा पुरेसा विरोध आहे आणि या नावामुळे त्याचं ठोस नुकसान होईल, हे सिद्ध झालं नाही असा निकाल आला. कागदावर कंपनी जिंकली होती.

पण तोवर कुवेत आणि लेबनॉननेही आक्षेपाची पत्रं पाठवली होती. ४ नोव्हेंबर २०१३ रोजी ओआयसीच्या सरचिटणीसांचं पत्र गॅककडे पोहोचलं, की सदस्य देशांचा या दोन्ही नावांना विरोध आहे. तेव्हा सरचिटणीसपदी एकमेलेद्दीन इहसानोग्लू होते, तेही तुर्कस्तानचेच. कंपनी आणि सरचिटणीस एकाच देशाचे, पण भूमिका एकमेकांच्या विरोधात. त्याच महिन्यात ब्यूनस आयर्सच्या सभेत गॅकने सांगितलं, की आम्ही चर्चा संपवली आहे, आमच्याकडे आणखी सांगण्यासारखं नाही. डिसेंबरमध्ये गिनीतल्या कोनाक्री इथे ओआयसीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ठरावही केला. इंडोनेशियानेही ‘डॉट इस्लाम’ला विरोध कळवला.

आता आयकॅनची पंचाईत झाली. गॅकचा स्पष्ट सल्ला नाही, तज्ज्ञाचा निकाल कंपनीच्या बाजूने, आणि मुस्लिम देशांची संघटना विरोधात. फेब्रुवारी २०१४ मध्ये आयकॅनने कंपनीला कळवलं, की आधी हे मतभेद मिटवा, तोवर अर्ज पुढे नेणार नाही. म्हणजे होकारही नाही, नकारही नाही. आपल्याकडे तहसील कचेरीत फाइल ‘प्रलंबित’ राहते ना, तसं.

कंपनी स्वतंत्र पुनरावलोकन पॅनेलकडे गेली. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी पॅनेलने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. मतभेद मिटेपर्यंत अर्ज लोंबकळत ठेवण्याची पद्धत नियमांत कुठे नव्हती, आणि मतभेद मिटले हे कशावरून ठरवायचं तेही सांगितलं गेलं नाही. हा पारदर्शकतेचा भंग आहे, असं पॅनेलचं म्हणणं होतं. मात्र नाव कंपनीला द्याच, असं पॅनेलने म्हटलं नाही. काय तो निर्णय घ्या, पण घ्या आणि कारणांसह घ्या, असा त्याचा सरळ अर्थ.

शेवटी ३ ऑक्टोबर २०१८ रोजी आयकॅनच्या संचालक मंडळाने ठराव केला, की दोन्ही अर्ज पुढे जाणार नाहीत. इतक्या वर्षांत विरोध मावळला नव्हता, आणि ज्या समुदायाच्या नावाने हे तुकडे चालवायचे त्याच्याच मोठ्या प्रतिनिधी संस्था विरोधात उभ्या होत्या.

प्रत्येक वेळी सरकारचं चालतं का?

नाही. हे समजण्यासाठी आणखी दोन प्रकरणं पाहू.

पहिलं ‘डॉट अॅमेझॉन’चं. अमेरिकी कंपनीने हे नाव मागितलं. ब्राझील आणि पेरू म्हणाले, ॲमेझॉन ही आमची नदी आहे, आमचं जंगल आहे. जुलै २०१३ मध्ये डर्बनच्या सभेत गॅकने सर्वसहमतीने विरोधाचा सल्ला दिला आणि मे २०१४ मध्ये आयकॅनने अर्ज नाकारला. पण कंपनी पॅनेलकडे गेली. २०१७ मध्ये पॅनेल म्हणालं, सरकारांनी सांगितलं एवढं कारण पुरेसं नाही, यात जनहित कुठे आहे ते मंडळाने स्वतः तपासायला हवं होतं. पुढे तडजोडीच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या, पण २०१९ च्या अखेरीस करार झाला तो कंपनीशीच. आज ‘डॉट ॲमेझॉन’ त्या कंपनीकडे आहे.

म्हणजे बघा, ‘डॉट ॲमेझॉन’मध्ये गॅकचं एकमत होतं, तरी नाव गेलं. ‘डॉट इस्लाम’मध्ये एकमत नव्हतं, तरी नाव वाचलं. कारण सल्ल्याचं वजन फक्त नियमाने ठरत नाही. पाठीमागे किती लोक उभे आहेत, ते किती काळ उभे राहतात, आणि कारण किती पटण्यासारखं मांडतात, यावरही ते ठरतं.

दुसरं प्रकरण आपल्या घरचं. याच फेरीत मोटारी बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीने ‘डॉट राम’ मागितलं होतं. कंपनीच्या लेखी रॅम हा तिच्या ट्रकचा ब्रँड. पण इंग्रजी अक्षरं तीच, आणि भारतात ती ‘राम’ अशीच वाचली जाणार. आपल्या मुंबईच्या रिलायन्स इंडस्ट्रीजने ‘डॉट इंडियन्स’ मागितलं. भारत सरकारने दोन्हींवर हरकत घेतली आणि गॅकने डर्बनच्या निवेदनात भारताची ही चिंता नोंदवली. आज हे दोन्ही तुकडे यादीत नाहीत. म्हणजे ‘राम’ असो की ‘इस्लाम’, श्रद्धेचा शब्द बाजारात जाऊ नये ही भूमिका भारताने दोन्ही वेळी घेतली. ती नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

इतर धर्मांचं काय झालं?

इथे मसला अजून गुंतागुंतीचा होतो. ‘डॉट कॅथलिक’साठी व्हॅटिकनच्या जनसंपर्क परिषदेने अर्ज केला आणि ते नाव त्यांना मिळालं. त्या वेळी सौदी अरेबियाच्या दूरसंचार आयोगाने हरकत घेतली होती, की हा शब्द इतर ख्रिस्ती पंथही वापरतात, त्यावर एकाचीच मक्तेदारी नको. हरकत टिकली नाही. कॅथलिक चर्चला एक मान्य मध्यवर्ती पीठ आहे, त्यामुळे ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला व्हॅटिकनकडे उत्तर होतं.

‘डॉट कोशर’ हे आपल्या ‘हलाल’च्या जवळचं उदाहरण. यहुदी धर्मात खाण्यास योग्य अन्नाला कोशर म्हणतात आणि अमेरिकेत त्याचं प्रमाणपत्र देणाऱ्या अनेक संस्था आहेत. त्यातल्या एकीशी जोडलेल्या कंपनीने नाव मागितलं, दुसऱ्या मोठ्या संस्थेने विरोध केला. विरोध फेटाळला गेला आणि नाव त्या एका गटाकडे गेलं. सगळ्यांनी मिळून वापरायचा शब्द असा एकाच्या पाटीवर लागला.

आणि ‘डॉट शिया’? ते मात्र त्याच तुर्की कंपनीला मिळालं. आज ते यादीत आहे. जिथे सरकारांनी जोर लावला नाही, तिथे दार उघडं राहिलं.

इस्लाममध्ये सुन्नी आहेत, शिया आहेत, बोहरा आहेत, बरेलवी, देवबंदी, अहले हदीस आहेत. सगळ्यांच्या वतीने सही करेल असं एक पीठ नाही. ही आपल्या दीनची रचना आहे, तिच्यात काही उणं नाही. पण याच कारणाने ‘इस्लाम’ हा शब्द कुणा एकाच्या नावावर चढवणं चूक ठरतं. मग तो एक म्हणजे कंपनी असो की सरकार.

सरकार म्हणजे समाज नव्हे

आता मुद्द्यावर येऊ. ‘डॉट इस्लाम’ वाचलं याचा आम्हाला आनंद आहे. पण वाचवलं कुणी? अबू धाबी, कुवेत, बैरुत, जकार्ता, नवी दिल्ली इथल्या सरकारांनी. अमिरातीच्या दूरसंचार खात्याने जगातल्या साऱ्या मुस्लिमांच्या वतीने हरकत घेतली, तेव्हा मालेगावच्या किंवा भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला, कोंढव्याच्या हॉटेलवाल्याला, नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या मदरशाला कुणी विचारलं होतं का? आपल्यापैकी किती जणांना त्या वेळी ही बातमी तरी कळली होती?

सरकार समाजाच्या बाजूने बोलतं तेव्हा आपल्याला बरं वाटतं. पण सरकारला स्वतःचेही हिशेब असतात. ‘हलाल’ या शब्दाचंच पाहा. २०१२ मध्ये भारत सरकारने तो शब्द एका कंपनीच्या हाती जाऊ नये म्हणून आवाज उठवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने, निर्यात वगळता, हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर राज्यात बंदी घातली. सरकारं वेगळी, काळ वेगळा, कारणं वेगळी, हे मान्य. पण शब्द तोच, आणि दोन्ही वेळी तो शब्द रोज जगणारा माणूस निर्णयाच्या खोलीत नव्हता.

समजा उद्या कुणाला ‘डॉट हलाल’ मिळालं. भारतात हलाल प्रमाणपत्र जमियत उलेमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट, हलाल इंडिया अशा वेगवेगळ्या संस्था देतात. ‘डॉट हलाल’ चालवणाऱ्याने म्हटलं, की आम्ही अमुक एकाच संस्थेचं प्रमाणपत्र मानतो, तर? देवनारचा मटणवाला, सोलापूरचा बेकरीवाला यांचा माल हलाल असूनही त्यांना ते नाव मिळणार नाही. ज्याला मिळालं, तोच खरा, असा गिऱ्हाइकाचा समज होईल. एवढी ताकद त्या एका तुकड्यात आहे.

भारताची बदललेली भूमिका

सरकारांनी सल्ल्यापुरतं राहावं की थेट कारभार हाती घ्यावा, यावर जगात जुना वाद आहे. भारतही यात एका जागी थांबलेला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने सुचवलं होतं, की इंटरनेटच्या धोरणांसाठी ५० देशांची एक समिती असावी. म्हणजे सरकारं पुढच्या रांगेत. टीका झाली, की याने इंटरनेट सरकारांच्या मुठीत जाईल. जून २०१५ मध्ये तेव्हाचे मंत्री रविशंकर प्रसाद यांनी सांगितलं, की सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ, नागरिक अशा सगळ्यांच्या सहभागाची पद्धत भारताला मान्य आहे. देशाच्या सुरक्षेच्या बाबतीत मात्र सरकारचा शब्द महत्त्वाचा राहील.

सल्ला देण्याची मर्यादा का बरी, याचं एक उदाहरण मार्च २०२२ चं. रशियाने हल्ला केल्यावर युक्रेन सरकारने आयकॅनकडे मागणी केली, की रशियाचा ‘डॉट आरयू’ रद्द करा. युक्रेनची वेदना खरी होती. तरी आयकॅनने नकार दिला, आमचं काम इंटरनेट चालू ठेवणं आहे, शिक्षा म्हणून ते वापरता येणार नाही. आज एका देशासाठी हा नियम मोडला, तर उद्या पॅलेस्टाईनचा ‘डॉट पीएस’ बंद करा असंही कुणी ताकदवान देश म्हणू शकेल. २००० साली मिळालेला तो तुकडा आजवर टिकून आहे, तो नावांची यादी राजकारणापासून काहीशी दूर राहते म्हणूनच.

म्हणून आम्हाला वाटतं, सरकारांचा सल्ला हवा, हुकूम नको. आणि तो सल्ला देण्याआधी सरकारांनी आपल्या लोकांना विचारायला हवं.

आता आपण काय करायचं?

हा विषय जुना झालेला नाही. २०१८ चा निर्णय त्या दोन अर्जांपुरता होता, शब्दांवर कायमची बंदी नव्हती. आयकॅनने नवी फेरी जाहीर केली आणि अर्जांसाठी ३० एप्रिल ते १२ ऑगस्ट २०२६ ही मुदत ठरवली. फी २,२७,००० डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. आपल्या जमातींनी अर्ज करावा असं आम्ही म्हणत नाही. तेवढ्या पैशांत एखादं कॉलेज उभं राहील. पण नजर ठेवायला पैसे लागत नाहीत.

एक, अर्जांची नावं जाहीर होतात तेव्हा यादी वाचा. कुठल्याही अर्जावर कुणीही आपलं मत लेखी कळवू शकतं. त्यासाठी सरकार असावं लागत नाही.

दोन, नाव समाजाशी संबंधित असेल तर समुदायाची हरकत घेता येते. मात्र ती घेणारी संस्था जुनी, नोंदणीकृत आणि त्या समुदायाशी खरोखर जोडलेली असावी लागते, आणि खर्चही येतो. अमिरातीची हरकत फेटाळली गेली, त्यातून धडा हा, की नुसतं ‘आमच्या भावना दुखावल्या’ म्हणून चालत नाही. किती लोकांचा विरोध आहे आणि नुकसान नेमकं काय, हे पुराव्यानिशी मांडावं लागतं.

तीन, दिल्लीतल्या मंत्रालयाला लिहा. गॅकमध्ये भारताच्या खुर्चीवर बसणारा अधिकारी आपलाही प्रतिनिधी आहे. आपले खासदार संसदेत प्रश्न विचारू शकतात, की धर्म आणि भाषेशी संबंधित नावांवर सल्ला देण्याआधी सरकार कुणाशी चर्चा करतं?

चार, आयकॅनमध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी ‘ॲट-लार्ज’ नावाची वेगळी व्यवस्था आहे. तिथे एकट्या व्यक्तीलाही सामील होता येतं. आपली कितीतरी मुलं-मुली संगणक आणि कायदा शिकत आहेत. त्यातल्या चार जणांनी जरी यात लक्ष घातलं, तरी पुढच्या वेळी ‘समुदायाचं म्हणणं काय?’ असा प्रश्न आला की उत्तर देणारं आपलं कुणीतरी तिथे असेल.

आपल्या भाषांचीही हीच गोष्ट आहे. २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळतं, मराठीत पत्ता लिहिता येतो. उर्दूच्या लिपीतही तशी सोय झाली. सोय आहे, पण आपल्या किती शाळा, किती वाचनालयं, किती मशिदी ती वापरतात? हक्क मिळून कपाटात राहिला, तर तो मिळाला काय नि न मिळाला काय.

‘इस्लाम’ हा शब्द आज कुणाच्या मालकीचा नाही, आणि तसाच राहावा. पहिल्या वेळी तो सरकारांच्या सल्ल्याने वाचला. दुसऱ्यांदा वेळ आली, तर त्या सल्ल्यात आपलाही आवाज असायला हवा.